जाळीपलीकडचा दहावा

माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे, हे मी आता न अडखळता सांगू शकते. पहिले दोन महिने जमत नव्हतं. शाळेत कोणी विचारलं की "बाहेरगावी असतो" म्हणायची, आणि विचारणाऱ्याला सगळं ठाऊक असायचं, कारण आमच्या गावची, धामणगाव बढ्याची बातमी मोताळ्याला यायला एसटीची वाट बघत नाही. शेवटी एक दिवस वैतागून सांगून टाकलं, "बुलढाण्याला जेलात आहे, दर बुधवारी भेटायला जाते, अजून काय पाहिजे?" त्यानंतर कोणी विचारलं नाही.

भांडण नालीच्या पाण्याचं. आमच्या मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या दारापुढून जातं, यावरून वर्षानुवर्षं तोंडातोंडी चालायची आणि दोन्ही घरांना तिची सवय झाली होती. त्या दिवशी भाऊ नाली उपसत होता, म्हणून त्याच्या हातात फावडं होतं. भाऊ म्हणतो फावडं लागलं, शेजारी म्हणतो मारलं. पोलिसांनी कागदावर जे कलम लिहिलं त्याला आमच्याकडे सगळे 'हाफ मर्डर' म्हणतात. शेजारी टाके घालून घरी आला, आता नीट हिंडतो-फिरतो, पारावर बसून तंबाखू मळतो. भाऊ मात्र आतच. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला, दुसरा तारखेवरून तारखेवर चालला आहे. भावजय पोरीला घेऊन माहेरी गेली आणि मी तिला दोष देत नाही, असला तापट माणूस मी तरी किती दिवस सोसला असता. उरलो माय आणि मी.

मी मोताळ्याच्या एका शाळेत लिपिक आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. अठ्ठावीस वर्षं मी खिडकीच्या आतून लोकांना सांगत आले, "झेरॉक्स आणा", "मूळ प्रत कुठंय?", "जेवणाच्या सुट्टीनंतर या". आता दर बुधवारी अर्धी रजा टाकून, राजूरचा घाट चढून, मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहते. माझ्या हातात आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि भरलेला अर्ज असतो, तरी दर वेळी वाटतं, काहीतरी राहिलंच असणार. आतला शिपाई सभ्य आहे, आवाज चढवत नाही. तो फक्त म्हणतो, "बसा मॅडम, नाव पुकारतो." मी बसते. निंबाखाली ओट्यावर आम्ही सगळ्या बायका बसतो, आणि एकमेकींना कोण कशासाठी आत आहे हे मुद्दाम विचारत नाही.

भेट म्हणजे वीस मिनिटं. मध्ये दुहेरी जाळी, अलीकडे आम्ही आठ-दहा जण, पलीकडे ते आठ-दहा जण, आणि सगळे एकाच वेळी ओरडणार. या वीस मिनिटांत माझ्या भावाने कधी आपल्या खटल्याबद्दल विचारलं असेल तर शपथ. त्याची गावात पिठाची गिरणी आहे. तो जाळीला तोंड लावून ओरडायचा, "ताई, गिरणीचा पट्टा ढिला करून ठेवला का? नाई तं ताणून ताणून खराब होते!" मी ओरडायची, "वकील म्हणतात त्या दिवशी तिथं अजून कोण होतं ते आठव!" तो म्हणायचा, "उंदराचं औषध टाकजो, पोते कुरतडतीन." शेजारच्या बाईचा नवरा तिच्याशी प्रेमाने बोलायचा प्रयत्न करतोय आणि मी आपली उंदीर, पट्टा, उंदीर, पट्टा. वेळ संपली की माझा ओरडून ओरडून घसा बसलेला आणि कामाचा एक शब्द हाती लागलेला नसायचा.

बरं, फोनची सोय आहे. आतून ठरावीक वेळी घरच्यांना फोन करता येतो, पण ज्यांचे नंबर कैद्याने लिहून दिले आणि तपासून मंजूर झाले त्यांनाच. या शहाण्याने दोन नंबर दिले. एक माझा, तोही पाच वर्षांपूर्वी बंद झालेला, कारण साहेबांना पाठ तोच होता. दुसरा मायचा. तो चालू आहे. पण मायला मीच बजावून ठेवलं होतं की अनोळखी नंबर आला तर उचलायचा नाही, बँकेतून बोलतो म्हणून लोक पैसे काढून घेतात. माझं एरवी एक अक्षर न ऐकणाऱ्या मायने नेमकं हेच ऐकलं. बुलढाण्याहून फोन यायचा आणि ती लाल बटण दाबून मोकळी व्हायची. वर मला संध्याकाळी अभिमानाने सांगायची, "आज बी आल्ता तो चोराचा फोन. दोनदा कट केला म्या." मी कपाळाला हात लावला. "माय, तो चोराचा नाई, तुह्या पोराचा फोन होता!" तर म्हणाली, "मंग त्याचं नाव काऊन नाई आलं फोनवर?" त्यानंतरही नाव नसलेला फोन ती उचलेना. नंबर बदलून मिळावा म्हणून मी अर्ज केला. त्याची पडताळणी सुरू झाली, ती अजून सुरूच होती.

माय स्वतः भेटीला यायला तयार नव्हती. "आपल्या घरच्या कोणं जेलची पायरी नाई चढली," असं म्हणायची, जणू मी घरची नव्हतेच. पण दर बुधवारी डबा मात्र द्यायची. घरचं अन्न आत चालत नाही हे मी तिला पहिल्या आठवड्यात सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, मग सांगायचं सोडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सगळं निंबाखाली बसून मीच खायची. संध्याकाळी माय विचारायची, "काय म्हणे?" मी म्हणायची, "ठेचा तिखट झाला म्हणे." तेवढ्यावर ती दोन दिवस खूश असायची. खोटं बोलायला मला काही वाटेनासं झालं होतं, वाढलेल्या वजनाचं तेवढं वाटायचं.

हे सगळं मी चिडत, कुरकुरत का होईना, निभावून नेलं असतं. पण मायच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या पाहून स्पष्टच सांगितलं की पिशवी काढून टाका, आता थांबण्यात अर्थ नाही, आत पू झाला तर या वयात सांभाळणं कठीण होईल. मी हो म्हणून बसले. माय खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "पोरगं बाहेर येऊ द्या. मंग चिरा."

डॉक्टरांना समजेना. मला समजलं. ऑपरेशनच्या टेबलावर आपण मेलो तर आग कोण देणार, दहावा कोण करणार, हा तिचा प्रश्न होता. मी म्हणाले, "मी देईन. हल्ली मुली देतात." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटात पाय दिला. "पोरगं असतानी?" एवढंच म्हणाली. मी घरी आणून समजावलं, रागावले, माझ्या नवऱ्याकडून, तिच्या जावयाकडून, सांगून पाहिलं. दुखण्याची कळ आली की ती ओट्यावर पालथी पडायची, उशी दातात धरायची, आणि कळ गेली की पुन्हा तेच. बुधवारी त्याच्या डब्यासाठी भाकरी थापायला मात्र उठायची. मला तिचा इतका राग यायचा की कधी कधी तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता मी दात खात असायची.

ती ऐकायची ते फक्त त्याचंच. म्हणून मी भावाला पत्र लिहायचं ठरवलं. जाळीपाशी असलं काही ओरडून सांगता येत नाही, आणि सांगितलं असतं तर त्याने गिरणीचंच विचारलं असतं. शाळेतल्या फुलस्केपच्या दोन पानांवर सगळं नीट लिहिलं. मायला खडे आहेत, ऑपरेशन टाळता येणार नाही, ती तुझ्यासाठी अडून बसली आहे, तर तू तुझ्या हाताने चार ओळी लिहून पाठव की माय, ऑपरेशन करून घे. तेवढं पत्र मी तिला वाचून दाखवीन. आणखी काही करू नकोस, एवढंच कर. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

पाकीट चिकटवायच्या आत वकिलांच्या कारकुनाचा फोन आला, पुढची तारीख आणि कोर्टाची खोली लिहून घ्या म्हणाला. समोर कागद नव्हता. आम्हा कारकुनांची एक वाईट सवय असते, हाताशी जो कागद येईल त्याचा कोपरा फाडून चिठ्ठी करायची. दिवसातून दहा वेळा मी तेच करते. पत्राचा वरचा कोपरा कोरा होता. टर्रकन फाडला, तारीख लिहिली, चिठ्ठी पर्समध्ये, पत्र पाकिटात आणि पाकीट पेटीत. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या बुधवारी गेले. अर्ज दिला, ओट्यावर बसले, सगळ्यांची नावं पुकारली, माझं नाही. खिडकीशी गेले तर शिपाई म्हणाला, "मॅडम, ते भेटायला नाही म्हणतात."

"नाही म्हणतो म्हणजे?"

"नाही म्हणतात. आम्ही दोनदा विचारलं. जबरदस्ती नाही करता येत."

अर्धी रजा, घाटातली ती वळणं, उलटी होईल की काय अशी बस, आणि हा महाराजा भेटायला नाही म्हणतो. "पत्र मिळालं का त्याला?" मी विचारलं. मिळालं होतं, हातात दिलं होतं. म्हणजे मी पत्रात मायला समजाव म्हटलं त्याचा याला राग आला! चार ओळी लिहिण्याचे कष्ट पडले! मी परतीच्या बसमध्ये मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या बाईने थोडं सरकून घेतलं. बहुधा ओठ हलत असावेत.

तारखेच्या दिवशी कोर्टात गेले, तर त्याला आणलंच नव्हतं, पुढची तारीख पडली. पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. पुन्हा नाही म्हणाला. शिपायाला आता माझी दया येत होती आणि मला ते अजिबात चालत नव्हतं. त्या दिवशी मी मायपुढे खोटं बोलले नाही. डबा तसाच तिच्यापुढे आदळला आणि म्हणाले, "तुहा पोरगा मले भेटत नाई. दोन बुधवार झाले. अन् हा डबा आजवर त्यानं एकदा बी खाल्ला नाई, म्याच खाल्ला."

डब्याचं तिने ऐकलंच नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "तू खोटं बोलून राह्यली. त्याले काही झालं. तू मले सांगून नाई राह्यली."

"काही नाई झालं त्याले. धडधाकट हाये."

"मंग भेटत काऊन नाई?"

मला तरी काय माहीत. त्यानंतर आठवडाभर ती जेवली अशी नाहीच. मंगळवारी रात्रीपासून पोटात कळ होती तरी बुधवारी पहाटे उठून तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, ज्वारीच्या कोठीत लपवलेलं आधार कार्ड काढलं आणि चपला घालून दारात उभी राहिली. जेलची पायरी न चढण्याचा बाणा कुठल्या कुठे गेला. घाटात तिला मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ती सारखी एकच विचारत होती, "जिता हाये ना व? खरं सांग."

खिडकीत मी अर्ज दिला, त्यावर या वेळी मायचं नाव पहिलं लिहिलं होतं. शिपाई आत गेला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर जरा विचित्र भाव होता. "येतात म्हणाले," तो म्हणाला. "पण आधी मला विचारलं, आई कशी दिसते ते सांगा."

आम्ही जाळीपाशी उभ्या राहिलो. पलीकडचं दार उघडलं आणि भाऊ आला. दारातच थांबला. त्याच्या डोक्यावरचे केस पूर्ण काढलेले होते, नुकती कुठे खुंटं उगवली होती. मिशाही नव्हत्या. मिशांशिवाय मी त्याला अकरावीनंतर पाहिलं नव्हतं. तो मायकडे डोळे फाडून बघत होता आणि पुढे येत नव्हता.

"अरे, डोक्याले काय झालं?" माय ओरडली. "उवा झाल्या का?"

तो जाळीशी आला. दोन्ही हातांनी जाळी धरली. "माय," म्हणाला. मग म्हणाला, "तू मेली होती ना."

मायला कमी ऐकू येतं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतो?"

मी काय करणार. आजूबाजूचा कालवा एवढा होता की हळू बोलून भागणार नव्हतं. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "तू मेली होती म्हणतो!"

अख्खी जाळी गप्प झाली. अलीकडचे, पलीकडचे, सगळे. माझ्या आठवणीत त्या जागी एवढी शांतता पुन्हा कधी झाली नाही.

"कोणं सांगलं तुले?" मायने विचारलं.

"ताईचं पत्र आल्तं. कोपरा फाटलेलं."

मला सगळं कळायला एक क्षण लागला. आमच्या लहानपणी कोणी वारलं की पत्राचा कोपरा फाडून पाठवायचे. पोस्टमनने तसं पत्र हातात दिलं की बाया वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. ते पत्र घरात ठेवायचं नाही, बाहेरच्या बाहेर फाडायचं आणि आंघोळ करून आत यायचं. आता कोण पत्र पाठवतो, कोण कोपरे फाडतो, मोबाइलवर फोटोला हार घालून मोकळे होतात. मी विसरले होते. तो विसरला नव्हता.

"मंग वाचलं काऊन नाई रे, मूर्खा?" मी किंचाळले.

"काय वाचू? मायच तेवढी म्हातारी घरात. दोनदा फोन लावला तं कट केला, मंग कोणं उचललाच नाई. अन् वरून असं पत्र. म्या तिथंच फाडलं." तो आता माझ्याकडे रागाने बघत होता. "तुनं मले न कळवता जाळून टाकलं मायले, असं वाटलं मले. पोलिसात अर्ज केला असता तं घेऊन आले असते मले आग द्याले. म्हून नाई भेटलो तुले. तोंड पाहाची इच्छा नव्हती तुही."

म्हणजे मी आधी मायला फोन उचलू नको म्हणून मारलं आणि नंतर कोपरा फाडून मारलं. दोन्ही वेळा अगदी काळजीने आणि नीटनेटकेपणाने. मला त्या जाळीतून हात घालून त्याच्या गोट्यावर दोन चापट्या माराव्याशा वाटत होत्या, आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी नुसतीच उभी राहिले.

माय मात्र आता सावध झाली होती. तिला तपशील हवे होते. "डोस्कं कधी काढलं?"

"दहाव्याले. आत एक जण न्हाव्याचं काम करते, त्यानं काढलं. सकाळी थंड पाण्यानं आंघोळ केली. जेवणातला भात राखून ठेवला अन् भिंतीवर ठेवला."

"कावळा शिवला?"

"शिवला."

"लगेच?"

"ठेवल्याबरोबर, माय. मले वाटलं, सुखानं गेली."

 मायने जाळीला कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "लगेच कसा शिवला रे? माही तं इच्छा राह्यली होती. तुले पाहाची."

त्यावर माझा भाऊ, फावड्याने लोकांची डोकी फोडणारा तो दांडगा माणूस, जाळी धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. पलीकडच्या एका म्हाताऱ्या कैद्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शिपायाने वेळ संपल्याचं जरा उशिराच सांगितलं. मला ऑपरेशनचा एक शब्दही बोलता आला नाही. ज्याच्यासाठी पत्र लिहिलं, ज्याच्यासाठी हे सगळं महाभारत झालं, तेच राहून गेलं, आणि दार बंद झालं. शेवटी तो ओरडला ते एवढंच, "माय, फोन उचलत जाय!"

बाहेर नळावर मायने तोंड धुतलं. मी तिला ओट्यावर बसवलं आणि मनात हिशेब मांडू लागले, आता पुढच्या बुधवारी त्याला कसं सांगायचं, त्याने कधी लिहायचं, तोवर हिचं पोट थांबेल का. एवढ्यात ती म्हणाली, "झालं म्हणजे माह्यं."

"काय झालं?"

"पोराच्या हातचं. आंघोळ केली, डोस्कं काढलं, पिंड ठेवला, कावळा शिवला. राह्यलं काय?"

"माय, तू जिती हाये."

"हाव ना. म्हून तं म्हणते, चाल डाक्टरकडे. आता चिरू दे काय चिरायचं ते."

 मी म्हटलं, "आणि आग?"

"आग तू देजो," पदराने हात पुसत ती म्हणाली. "तेवढंच तं उरलं."

तेवढंच तं उरलं! तीन महिने मी हिच्यापुढे डोकं आपटत होते, मी देईन, मी सगळं करीन, तेव्हा तिला ते विटाळल्यासारखं वाटत होतं. आता पोराने भात ठेवल्यावर उरलंसुरलं माझ्या वाट्याला आलं होतं. मला संताप आला. पण ती हो म्हणाली होती आणि तिचं मन बदलायच्या आत मला रिक्षा गाठायची होती. भांडायला वेळ नव्हता.

डॉक्टरांनी तपासलं, दाखल करून घेतलं, उद्या सकाळी ऑपरेशन करू म्हणाले. मायला खाटेवर झोपवलं. हिरव्या कपड्यातल्या एका मुलीने सलाईन लावलं. दवाखान्यातला कारकून संमतीचा फॉर्म घेऊन आला. माझ्यासारखाच होता, कानावर पेन खोचलेलं, घाईत. "पेशंटचं वय जास्त आहे, धोका समजावून सांगितलाय, सही लागेल," म्हणाला. मग मायकडे बघून त्याने विचारलं, "मुलगा नाही का कोणी?"

"हाये," माय खाटेवरून म्हणाली. "त्यानं माहा दहावा केला. सही हिची घ्या."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "द्या इकडे." फॉर्म घेतला. आयुष्यभर मी फॉर्म भरून घेत आले, रकाना बघितल्याबरोबर कळतं कुठे काय लिहायचं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, रुग्णाशी नाते या रकान्यात मुलगी लिहिलं. खाली छापील अक्षरात होतं की ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतर रुग्ण दगावल्यास आमची काही तक्रार नाही. ते मी वाचलं. पुन्हा वाचलं. तीन महिने मी तिच्यावर इतकी चिडत होते की ती खरंच मरू शकते याची भीती वाटायला मला वेळच मिळाला नव्हता. पेन कागदावर टेकवलं आणि सही होईना. समोरचे रकाने दिसेनासे झाले.

"काऊन रडून राह्यली व?" माय म्हणाली. "कोणी मेलं का?"